लस आली, पण पोचली का?



मागे एकदा शहरातील एका मंडळीत आपल्या कार्याची माहिती सांगायला गेले होते. उपासना संपल्यावर चहाच्या वेळी एक भगिनी जवळ आल्या. करोनाच्या काळात त्यांच्या महिला मंडळाने आपल्या आरोग्य पथकाला देणगी पाठवली होती. त्यांनी अगदी मोकळेपणाने विचारले, “सिस्टर, लस तर २०२१ च्या जानेवारीतच आली होती. फुकटही होती. मग तुमच्या डोंगरातल्या लोकांनी ती घ्यायला एवढा उशीर का लावला? अफवांना घाबरले का?”

मी उभ्या उभ्या काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही. परतीच्या एसटीत तोच प्रश्न मनात राहिला. हाच प्रश्न त्या काळात जगभर गरीब देशांविषयीही विचारला जात होता. “आम्ही लस पाठवली, मग त्यांनी ती वापरली का नाही?” दोन्ही प्रश्नांचे उत्तर बरेचसे एकच आहे असे मला वाटते. ते नीट सांगावे म्हणून हा लेख.

मी चौतीस वर्षे परिचारिका होते. निवृत्तीनंतर आपल्या पथकाबरोबर नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्यातल्या पाड्यांवर जाऊ लागले. करोनाची लस देण्याचे काम सरकारी आरोग्य खात्याचे होते. आपल्याकडे मदत मागितली गेली ती गाडीची, चालकाची, भिली आणि पावरी बोलणाऱ्या कार्यकर्त्यांची आणि याद्या लिहिणाऱ्या हातांची. मी याद्या लिहीत असे. पुढे जे सांगते ते त्या टेबलामागे बसून पाहिलेले आहे.

दहा डोसांची बाटली

एप्रिल २०२१ ची गोष्ट. त्या महिन्याच्या १ तारखेपासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस खुली झाली होती. एका उपकेंद्रावर आमचे सत्र होते.

कोविशील्डच्या एका बाटलीत, म्हणजे आम्ही जिला व्हायल म्हणतो तिच्यात, दहा डोस असत. प्रत्येक डोस अर्धा मिलिलीटर. व्हायल एकदा उघडली की चार तासांत संपवायची. उरलेले डोस टाकून द्यायचे. लसीचा तुटवडा होता आणि वाया गेलेल्या प्रत्येक डोसचा हिशेब वर द्यावा लागत होता. म्हणून आमच्यात एक न लिहिलेला नियम पडून गेला होता. दहा माणसे जमल्याशिवाय व्हायल फोडायची नाही.

त्या दिवशी दुपारपर्यंत दोन व्हायली संपल्या. तिसरीसाठी चारच माणसे होती. दुपारी चारच्या सुमारास एक आजी आली. मोहफुलांचे दिवस होते. पहाटे अंधारात मोह वेचून, तो अंगणात वाळत घालून, ती सात किलोमीटर डोंगर उतरून आली होती. ती पाचवी. लस देणाऱ्या नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या वयाने लहान, मी अनुभवाने मोठी. मी म्हटले, “पाच डोस वाया जातील. राहू द्या.” आणि त्या पाच जणांना मीच सांगितले, “पुढच्या गुरुवारी या. नक्की मिळेल.” आमच्या कार्यकर्त्याने आजीला ‘याहा’, म्हणजे आई, अशी हाक मारून ते तिच्या भाषेत समजावले. ती काही बोलली नाही. पाणी प्यायली आणि पुन्हा डोंगर चढू लागली.

पुढच्या गुरुवारी त्या उपकेंद्राला लस आलीच नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही. आम्हाला आदल्या दिवशी फोनवर कळले, म्हणून आम्ही गेलो नाही. पाड्यावर ते कोणी कळवले नाही. कळवायला हवे हे त्या गडबडीत आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आले नाही.

हा प्रसंग मनात ठेवा. आता थोडे जगाकडे पाहू.

जगाला दिलेला शब्द

११ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने करोनाला जागतिक साथ म्हटले. लस तयारही झालेली नव्हती, तेव्हा एप्रिलमध्ये ‘कोव्हॅक्स’ नावाची योजना सुरू झाली. तिच्यामागे जागतिक आरोग्य संघटना, गरीब देशांतील मुलांच्या लसीकरणासाठी काम करणारी ‘गावी’ आणि साथीच्या रोगांवरील लसींच्या संशोधनाला पैसा पुरवणारी ‘सेपी’ या तीन संस्था होत्या. लस देशोदेशी पोचवण्याचे काम मुख्यतः युनिसेफकडे होते.

कल्पना साधी होती. सर्व देशांनी मिळून एकत्र खरेदी करायची. ज्यांना परवडत नाही अशा ९२ देशांचा खर्च देणग्यांतून भागवायचा. आपला भारतही त्या ९२ मध्ये होता. प्रत्येक देशातील आरोग्य कर्मचारी आणि वृद्ध यांना आधी लस मिळावी, मग इतरांना. २०२१ च्या अखेरीपर्यंत २०० कोटी डोस पोचवण्याचे उद्दिष्ट ठरले.

अडचण अशी झाली की श्रीमंत देशांनी कोव्हॅक्सला पैसे तर दिले, पण त्याच वेळी लस कंपन्यांशी स्वतंत्र करार करून रांगेत पुढची जागाही घेतली. कॅनडासारख्या देशाने आपल्या लोकसंख्येला अनेक वेळा पुरतील इतक्या डोसांची मागणी आधीच नोंदवून ठेवली होती. त्यामुळे कोव्हॅक्सच्या हाती पैसा पुरेसा येईपर्यंत बाजारातील पहिला माल विकला गेला होता.

तरीही २४ फेब्रुवारी २०२१ रोजी घाना देशाची राजधानी अक्रा येथे कोव्हॅक्सचे पहिले विमान उतरले. त्यात ६ लाख डोस होते. ते आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेले होते. दोन दिवसांनी शेजारच्या आयव्हरी कोस्टलाही लस पोचली. पुण्यात बनलेली बाटली सातपुड्यात आमच्या टेबलावर होती, तशीच ती अक्रामधल्या एखाद्या परिचारिकेच्या टेबलावरही होती.

कोव्हॅक्सची सुरुवातीची बहुतेक भिस्त या एका कारखान्यावर होती. आणि मार्चमध्ये आपल्याकडे दुसरी लाट उसळली. महिनाअखेरीस भारताने लसीची निर्यात जवळजवळ थांबवली. ऑक्सिजनसाठी धावणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्या निर्णयाला नावे ठेवणे मला जमणार नाही. पण त्याचा परिणाम सांगायला हवा. आफ्रिकेतील अनेक देशांत ज्यांनी पहिला डोस घेतला ते दुसऱ्याची वाट पाहत बसले. कोव्हॅक्ससाठी सीरमची निर्यात पुन्हा सुरू झाली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये.

म्हणजे आमच्या उपकेंद्रावर जे घडले तेच देशांच्या बाबतीत घडले. “गुरुवारी या” असे सांगितले गेले, आणि गुरुवारी लस आली नाही. २०२१ संपले तेव्हा कोव्हॅक्सने ठरवलेल्या २०० कोटींपैकी निम्म्याहूनही कमी डोस पोचले होते. सर्वांत गरीब देशांत दहा टक्क्यांहून कमी लोकांना एक तरी डोस मिळाला होता. श्रीमंत देशांत तेव्हा तिसरा डोस सुरू झाला होता.

उशिरा आलेले दान

पुढे श्रीमंत देशांकडे लस जास्त झाली आणि त्यांनी ती दान करायला सुरुवात केली. पण पुष्कळ वेळा मुदत संपत आली तेव्हा ती पाठवली गेली, आणि किती येणार हे घेणाऱ्या देशाला फार आधी कळत नसे.

पूर्व आफ्रिकेतील मलावी या गरीब देशाचे उदाहरण घ्या. २०२१ च्या मार्चअखेरीस त्यांना काही डोस मिळाले, त्यांची मुदत १३ एप्रिलला संपत होती. जेमतेम अडीच आठवडे. एवढ्या वेळात ते विमानतळावरून जिल्ह्याला, जिल्ह्यातून आरोग्य केंद्राला आणि तिथून खेड्यात न्यायचे, लोकांना बोलवायचे, समजवायचे. बरेचसे दिलेही गेले. पण १९,६१० डोस उरले. १९ मे रोजी मलावी सरकारने ते लोकांसमोर जाळले.

बातमी वाचून अनेकांनी हळहळ व्यक्त केली. मलाही वाईट वाटले. पण कारण समजून घ्या. मुदत संपलेली लस आपल्याला टोचतील या भीतीने तिथले लोक केंद्रावर यायचे थांबले होते. ती लस आता कोणालाही दिली जाणार नाही हे डोळ्यांनी दिसावे म्हणून ती उघडपणे जाळली. डिसेंबर २०२१ मध्ये नायजेरियानेही दहा लाखांहून अधिक मुदतबाह्य डोस असेच सर्वांसमक्ष नष्ट केले.

काँगोमध्ये वेगळे घडले. तिथे मार्चमध्ये १७ लाख डोस आले. त्याच वेळी युरोपात या लसीनंतर क्वचित होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांविषयी चौकशी सुरू झाली होती आणि काही देशांनी लस थांबवली होती. काँगोनेही सावधगिरीने सुरुवात पुढे ढकलली. तोवर मुदत जवळ आली. इतक्या कमी वेळात आपण हे डोस वापरू शकणार नाही हे ओळखून त्यांनी सुमारे १३ लाख डोस परत दिले, ते इतर आफ्रिकी देशांना वाटले गेले. आपल्याला झेपणार नाही हे वेळीच सांगणे हीसुद्धा जबाबदारी आहे.

थंडाव्याची साखळी

लसीला कारखान्यापासून दंडापर्यंत थंड ठेवावे लागते. कोविशील्डसाठी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान हवे. त्याहून गरम झाली तर ती निकामी होते. गोठली तरीही निकामी होते, हे पुष्कळांना माहीत नसते. म्हणून व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये फ्रीझरमधून काढलेले आईसपॅक लगेच ठेवायचे नसतात. ते थोडा वेळ बाहेर ठेवायचे, मग कानाजवळ हलवून पाहायचे. आत पाणी हलल्याचा आवाज आला की समजायचे, आता ठेवायला हरकत नाही. चार आईसपॅकांचा तो लहानसा डबा खांद्याला अडकवून आमच्या नर्सबाई ओढे ओलांडत.

फायझरच्या लसीला सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास तापमान लागत असे. तेव्हा म्हटले गेले की गरीब देशांना हे जमणारच नाही. पण गिनी आणि काँगो या देशांनी त्याआधीच इबोलाची लस, जिला उणे ६० ते उणे ८० अंश लागतात, खास बनवलेल्या डब्यांतून दूरच्या खेड्यांपर्यंत नेली होती. रवांडानेही मार्च २०२१ मध्येच फायझरची लस घेतली आणि वापरली. पैसा, साधने आणि शिकवलेली माणसे आधी मिळाली तर जमते. अडते ते लस पाठवताना या तिन्हींचा विचार न झाल्यामुळे.

आणि माणसे कोणती? तीच. गरोदर बाईला तपासणारी, बाळाला गोवराची लस देणारी, हिवतापाचा रक्तनमुना घेणारी एकच परिचारिका. ती करोनाच्या सत्राला गेली की बाकीची कामे थांबतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या माहितीप्रमाणे २०२१ मध्ये जगातील अडीच कोटी बालकांचे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या लसीचे डोस अपुरे राहिले किंवा मुळीच मिळाले नाहीत. एका साथीशी लढताना दुसऱ्या रोगांना दार उघडे राहिले.

भीती कशाची होती?

आता अफवांविषयी. होय, त्या होत्या. लस घेतली की मूल होत नाही, दोन वर्षांत माणूस मरतो, असे आम्ही पाड्यापाड्यांवर ऐकले. पण मी याद्या लिहिता लिहिता लोकांना विचारत असे, आणि बहुतेक वेळा उत्तर अफवेचे नसे.

एक उत्तर होते ताप. लस घेतल्यावर एक-दोन दिवस ताप येतो, अंग दुखते. तुम्हा-आम्हाला तो आराम करण्याचा दिवस. मोह वेचणाऱ्या बाईला ती दोन दिवसांची कमाई. झाडाखाली पडलेला मोह तिच्यासाठी थांबत नाही, तो गुरे खातात.

दुसरे उत्तर होते ऊसतोड. आमच्या भागातील टोळ्या दिवाळीच्या सुमारास गुजरातकडे जातात आणि पावसाआधी परततात. दोन डोसांमधील अंतर सुरुवातीला चार ते सहा आठवडे होते. मार्च २०२१ मध्ये ते सहा ते आठ आठवडे झाले आणि मे महिन्यात बारा ते सोळा आठवडे. त्यामागे शास्त्रीय आधार होता. पण ज्याने पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये पहिला डोस घेतला, त्याचा दुसरा डोस नेमका टोळी निघण्याच्या वेळी आला. मुकादमाची उचल घेतलेला माणूस लसीसाठी मागे राहू शकत नाही.

तिसरे उत्तर होते मोबाईल. १ मे पासून १८ ते ४४ वयोगटासाठी लस खुली झाली, पण आधी कोविन संकेतस्थळावर नोंदणी आणि वेळ घेणे सक्तीचे होते. जिथे फोन लावायला टेकडीवर चढावे लागते तिथे हे कसे व्हायचे? परिणाम असा झाला की आमच्या डोंगरातल्या केंद्राची वेळ शहरातील तरुणांनी घेतली. ते गाड्या करून आले, लस घेऊन गेले. त्यांचाही दोष नाही, शहरात त्यांना मिळत नव्हती. पण ज्या गावात केंद्र होते त्या गावातली पोरे कुंपणाबाहेर उभी राहून पाहत होती. मे महिन्याच्या २४ तारखेपासून सरकारी केंद्रावर थेट येऊन नोंदणी करण्याची मुभा मिळाली. सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मे च्या आदेशात इंटरनेट नसलेल्या लोकांचा प्रश्न सरकारपुढे मांडला.

आणि अफवा फक्त पाड्यांवरच होत्या असे समजू नका. लस म्हणजे प्रकटीकरणातील श्वापदाची खूण, असा संदेश आपल्या मंडळ्यांतही फिरला. मला तो एका शिकलेल्या, भल्या माणसाने पाठवला होता. आमच्या इथल्या पाळकसाहेबांनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी लस घेतली, अर्धा तास बाहेर बाकावर बसले आणि पुढच्या रविवारी मंडळीसमोर सांगितले, “मला एक दिवस ताप आला होता. आता बरा आहे.” ताप आला हे त्यांनी लपवले नाही, म्हणून लोकांचा विश्वास बसला.

भूतानने काय केले?

लस वेळेवर आणि पुरेशी पोचली तर काय होते याचे उदाहरण आपल्या शेजारी आहे. भूतान हा आठ लाखांहून कमी लोकसंख्येचा, उंच डोंगरांचा देश. भारताने त्यांना जानेवारी २०२१ मध्ये दीड लाख आणि मार्चमध्ये आणखी चार लाख डोस दिले. पहिले दीड लाख मिळाल्यावर त्यांनी घाई केली नाही. सर्व प्रौढांना एकदम देता येईल इतकी लस येईपर्यंत ते थांबले. त्या वेळात शीतसाखळी, याद्या आणि स्वयंसेवक तयार केले. २७ मार्च ही तारीख भिक्षूंशी बोलून, शुभ दिवस पाहून ठरवली, आणि पहिला डोस वानर वर्षात जन्मलेल्या एका स्त्रीला स्त्रीच्याच हातून दिला. लोकांच्या श्रद्धेला हसण्याऐवजी तिला बरोबर घेतले.

सुमारे दोन आठवड्यांत भूतानमधील पात्र प्रौढांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी पहिला डोस घेतला. आरोग्य कर्मचारी बर्फातून चालत दूरच्या वस्त्यांवर गेले.

मग भारताची निर्यात थांबली आणि दुसरा डोस अडकला. अमेरिकेने कोव्हॅक्समार्फत मॉडर्नाचे पाच लाख आणि डेन्मार्कने अॅस्ट्राझेनेकाचे अडीच लाख डोस दिल्यावर जुलैमध्ये, आठवडाभरात, नव्वद टक्के प्रौढांना दुसरा डोस मिळाला. डोंगर तेच, वस्त्या तितक्याच दूर, लोक साधेच. ठरल्या दिवशी, सर्वांना पुरेल इतकी लस आली, हा फरक होता.

पुन्हा आजीच्या दारात

नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘हर घर दस्तक’ मोहीम सुरू झाली. लस न घेतलेल्यांच्या याद्या घेऊन घरोघर जायचे होते. एका यादीत मला आजीचे नाव दिसले. ते माझ्याच अक्षरातले होते, एप्रिलमधले.

आम्ही सकाळी निघालो ते दुपारी तिच्या पाड्यावर पोचलो. ती अंगणात बसली होती. तिने मला लगेच ओळखले. कार्यकर्त्याने येण्याचे कारण सांगितले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “मी दोन गुरुवार खाली आले होते. तिथे कुलूप होते. मोहाचे दोन दिवस गेले. आता तुम्ही का आलात?”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला कोणतीही अफवा ठाऊक नव्हती. आम्ही बोलावले आणि आम्हीच नव्हतो, एवढेच तिला ठाऊक होते. आमच्या नोंदवहीत मात्र तिच्या नावापुढे कोणीतरी ‘नकार’ असे लिहून ठेवले होते.

मी तिची क्षमा मागितली. त्या दिवशी तिने लस घेतली नाही. आम्ही आग्रह केला नाही. डिसेंबरमध्ये पुन्हा गेलो, सांगितलेल्या दिवशीच. तेव्हा तिने सुनेला लस घेऊ दिली. जानेवारीत तिसऱ्यांदा गेलो. तेव्हा पाड्यावर लस घ्यायची राहिलेली चारच माणसे होती, त्यांत ती एक. तिने नर्सबाईंच्या हातातल्या व्हायलीकडे पाहून विचारले, “एवढ्यांसाठी फोडाल का?”

फोडली. चार डोस दिले, सहा वाया गेले. मी नोंदवहीत सहा हा आकडा स्वच्छ अक्षरात लिहिला. २०२१ च्या सुरुवातीच्या महिन्यांत सरकारला कोविशील्डचा एक डोस दीडशे ते दोनशे रुपयांना पडत होता. एप्रिलमध्ये पाच डोस वाचवण्यासाठी मी जे घालवले ते परत मिळवायला आम्हाला तीन वेळा डोंगर चढावा लागला. ती तोपर्यंत आजारी पडली नाही ही देवाची कृपा. सर्वांच्या बाबतीत तसे झाले नाही.

पुढच्या वेळी

कोव्हॅक्स योजना ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपली. तोवर तिने १४६ देश-प्रदेशांत जवळजवळ २०० कोटी डोस पोचवले होते. त्या ९२ देशांत दोन डोस घेतलेल्यांचे प्रमाण ५७ टक्क्यांपर्यंत आले, जगाची सरासरी ६७ होती. तिच्या लसींमुळे त्या देशांतील किमान २७ लाख मृत्यू टळले असा योजना चालवणाऱ्या संस्थांचा अंदाज आहे. हे काम लहान नाही. पण २०२१ मध्ये जे अडीच आठवड्यांच्या मुदतीने आले, किंवा आलेच नाही, त्याची भरपाई २०२३ मधल्या आकड्याने होत नाही.

पुढची साथ येईल तेव्हा लस बहुधा आणखी लवकर तयार होईल. आफ्रिकेतही लस बनावी म्हणून दक्षिण आफ्रिकेत केप टाऊन येथे काम सुरू झाले आहे. एकाच कारखान्यावर अवलंबून राहणे किती धोक्याचे, हे पुण्यापासून भूतानपर्यंत सर्वांनी पाहिले आहे. पण कारखाने वाढले तरी शेवटचे सात किलोमीटर तसेच राहतील.

म्हणून चहाच्या वेळी प्रश्न विचारणाऱ्या त्या भगिनींना माझे उत्तर असे आहे. आमच्या लोकांनी उशीर लावला नाही. उशीर आम्ही लावला, आणि मग त्याला त्यांची भीती असे नाव दिले.

तुम्ही देणगी देता तेव्हा औषधे किती, लसी किती, ब्लँकेटे किती हे जरूर विचारा. त्याबरोबर आणखी एक विचारा, “गाडी सांगितलेल्या दिवशी गेली का?” डिझेल, चालकाचा पगार, पावरी बोलणाऱ्या मुलीचे मानधन, फोनचा रिचार्ज हे खर्च अहवालात शोभून दिसत नाहीत. पण सगळे त्यांवरच उभे असते.

आता आपले फिरते आरोग्य पथक त्या भागात दर गुरुवारी जाते. गेल्या पावसाळ्यात ओढ्याने रस्ता वाहून नेला आणि गाडी अडली. तेव्हा आमचा चालक आणि एक कार्यकर्ता उरलेली वाट चालत वर गेले. त्यांच्याकडे औषधांची पेटी नव्हती. आज आम्ही येऊ शकत नाही, रविवारी येऊ, एवढेच सांगायला ते गेले होते.

आजीने त्यांना भाकरी खाऊ घालून परत पाठवले.

सेवेतील आपली बहीण,
एक निवृत्त परिचारिका